तिसऱ्या कडव्याआधीची शिट्टी

प्रिय मेहुणेबुवांस, साष्टांग नसला तरी मनापासून नमस्कार.

तुमची पाठ कशी आहे? माझी तब्येत उत्तम. तुमच्या बहिणीची ठणठणीत आहे, असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते सांगायलाच हे पत्र तिच्या नकळत लिहितो आहे. पण सरळ मुद्द्यावर येणं मला कधी जमलेलं नाही, हे तुम्ही जाणताच.

निवृत्तीनंतर मी कान तयार करायला घेतले. (हसू नका.) उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली, खोट काढायची ती खोड कुठेतरी जिरवायला हवीच होती. पेठेत भारीतले स्पीकर विकणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे कानसेन म्हणतात. त्यांच्या दुकानामागच्या जाड पडद्यांच्या खोलीत आम्ही चार निवृत्त मंडळी आठवड्यातून दोनदा गंभीर तोंडं करून बसतो. पहिल्याच दिवशी त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून दोन अ‍ॅम्प्लिफायर ऐकवले. दुसऱ्याची मी तोंड भरून स्तुती केली : खर्ज भरीव, आवाज मोकळा, वगैरे. पट्टी काढल्यावर कळलं, दोन्ही वेळा एकच यंत्र लावलं होतं. माझं तोंड एवढंसं झालं. कानसेन म्हणाले, "आधी मतं बनवणं थांबवा. घरी रोज एकच गाणं ऐका आणि सूर सोडून जे जे ऐकू येईल ते वहीत लिहा."

लिहू लागलो. खुर्चीची कुरकुर, कुणा वादकाचं खाकरणं, पान उलटल्याची सळसळ. नवव्या दिवशी तिसऱ्या कडव्याआधी, गायिका श्वास घेते तिथेच, एक बारीक शिट्टी सापडली. मला कोण आनंद! उजव्या स्पीकरमध्ये दोष! मी वायरी बदलल्या, कपाट सरकवलं (कमरेत उसण भरली ते वेगळंच), तीन आठवडे कानसेनांचं डोकं खाल्लं. शेवटी वैतागून त्यांनी स्पीकर दुकानात नेले आणि माझ्यासमोर तेच गाणं लावलं. शिट्टी नाही.

त्या संध्याकाळी रिकाम्या जागेसमोर मी सवयीने बसलो. तुमची बहीण भाजीची पिशवी घेऊन दोन जिने चढून आली, रोजच्यासारखी माझ्यामागच्या खुर्चीत टेकली, आणि शिट्टी वाजली.

मेहुणेबुवा, मी उठून वही उघडली. तीन आठवडे तिच्या छातीतला आवाज मी स्पीकरच्या नावावर लिहीत होतो. वहीत तारीखवार नोंद आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "आधी त्या खोक्यात खोट दिसत होती, आता माझ्यात दिसायला लागली का? चहा घ्या आणि गप्प बसा." डॉक्टरचं नाव काढलं की भांडी आपटते. मला भीती वाटते, एवढं मात्र तिला सांगता आलेलं नाही. तुम्हाला सांगतो.

वहिनींना नमस्कार. पाठीला शेक देत राहा.

तुमचा,
तराजूवाला

ता. क. येत्या रविवारी या. सहज आलो म्हणा, पत्राचा विषय काढू नका. तिच्यामागून जिना चढा आणि नीट ऐका. मग दवाखान्यात चल म्हणून दरडावा. तुमच्यापुढे ती अजून मान वर करत नाही; माझ्यापुढे खाली करत नाही.

ता. क. दुसरा. कानसेनांनी स्पीकर परत पाठवलेत. मी अजून जोडलेले नाहीत. ते सुरू असले की तिचा श्वास नीट ऐकू येत नाही.