चालत पाच मिनिटांवर

दापोडे, मे २००६

चि. भावेश,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी ऐक.

पणजीत समुद्र, बाजार, ऑफिस, सगळं चालत पाच मिनिटांवर आहे म्हणे. इथे कोपऱ्यावरून दूध आणायलाही तुला मोटारसायकल लागायची! आता तिथे दोन खोल्यांचं भाडं अर्धा पगार खातं, म्हणून फ्लॅट घ्यायचा, आणि त्यासाठी आपलं शेत गोडाऊनवाल्याला विकायचं?

अरे, तेही घरापासून चालत पाच मिनिटांवरच आहे. तुझे बाबा रोज सकाळी बांधावर जाऊन येतात. तिथे गोडाऊन उभं राहिलं की त्यांनी उठून जायचं कुठे?

“पोराला न्हाय म्हणू नको. ‘विकतो’ एवढंच लिव,” असं त्यांनी मला सांगितलंय. ते दुसऱ्या कागदावर लिहिते. आशीर्वादही त्यावरच देईन. हा कागद पिठाच्या डब्याखाली राहील.

तुझी आई,
कमळ