दाजींच्या जीपची ताजी बॅटरी

गंगापूर रोड, नाशिक
बुधवार

ती. देवराम दाजींस सावळीरामचा नमस्कार.

गच्चीवरचा पाणी तापवायचा बंब, तिसऱ्या शिट्टीला आपोआप बंद होणारी शेगडी (डाळ चौथ्या शिट्टीला शिजते, हा डाळीचा दोष), घरचा इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांच्या तारखा ओळखण्याचा तक्ता, एवढ्या गोष्टी मी आयटीआयची पायरीही न चढता या दोन हातांनी केल्या. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचताना तुमच्या मनात माझ्याविषयी भलतंच काही यायचा संभव आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? फोन न करता पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतोय, कारण फोनवर तुम्ही मध्येच ओरडता, "सावळ्या, जीप चालू झाली का नाय, तेवढं सांग!" त्याने विषयाचा क्रम बिघडतो.

तर क्रमाने. रविवारी पेठला सृष्टीचा साखरपुडा आणि त्यासाठी जीपला नवी बॅटरी, म्हणून तुम्ही जीप आणि पैसे माझ्या हवाली केलेत. बॅटरी दुकानात पडून पडूनही म्हातारी होते. म्हणून बिलाची तारीख न पाहता, कंपनीने बॅटरीवर उमटवलेला कोड पाहावा. पहिलं अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी. पुढचा आकडा वर्षाचा. हे मी आपल्या जुन्या लाल बॅटरीवरून, कुणीही न शिकवता, शोधून काढलं आहे.

दुकानातला नोकर रविराज (वय तीसच्या आत, कानात इअरफोन) म्हणाला, "काका, ही समोरची घ्या, परवाच आलीये." समोर तेच ठेवतात जे खपत नाही, एवढं मला कळतं. मी स्वतः स्टुलावर चढलो. वरच्या फळीवर, धुळीत, एक हिरवी बॅटरी होती. कोड बी-सहा-सी-तीन. म्हणजे फेब्रुवारी सव्वीस, जेमतेम महिन्याची! (धुळीबद्दल विचाराल, तर गंगापूर रोडला सध्या खोदकाम चालू आहे.) रविराज म्हणाला, "काका, ती शोसाठी ठेवलीये, विकायची नाही." त्याने मीटरही लावून दाखवला, काटा खाली पडला. मी त्याला मीटर बदलायला सांगितलं आणि बिल फाडायला लावलं.

घरी येऊन बॅटरी बसवली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, चावी फिरवली. जीप 'टक' म्हणाली. दुसऱ्यांदा तेवढंही म्हणाली नाही. शेजारच्या लताबाई गच्चीवरून म्हणाल्या, "भाऊजी, नारळ तरी ताजा होता ना?"

मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने फार नम्रपणे सांगितलं, की त्यांच्याकडे बी म्हणजे कारखाना आणि सहा म्हणजे मशीन. तारीख त्यापुढे असते. सी-तीन, म्हणजे मार्च तेवीस. बॅटरी तीन वर्षांची होती. कारखान्याच्या आधी तारीख लिहायला हवी, हे मी तिला पाऊण तास समजावलं. तिने तक्रार नोंदवून घेतली आहे. तात्पर्य, माझा तक्ता बरोबर आहे; कंपनी चुकीची निघाली.

ताईला नमस्कार, सृष्टीला आशीर्वाद.

तुमचा,
सावळीराम

ता. क. जीप अजून दारातच आहे. रविवारी पेठला एसटीने जावं लागेल, हे ताईला तुम्ही सांगा. माझं नाव घेऊ नका.

ता. क. दुसरा. लपवायचं म्हणून नाही, पण राहून गेलं. रविराज काल घरी आला होता. बॅटरी परत घेतो, बिलाचे सगळे पैसे देतो, फक्त मालकाला दाखवायला एक ओळ लिहून द्या म्हणाला, 'कोड वाचण्यात माझी चूक झाली.' मी नकार दिला. रक्कम तुमची होती, सहा हजार आठशे.