क्यू, एक्स आन् झेड

ता. ४ जानवारी १९३७

नाही, मले इंग्रजी येत नाही! कायले यावं? वांगे काय इंग्रजीत उगवतात? सारी जिंदगी मळ्याचा माल वाशीमच्या बाजारात विकला — एकाही गिऱ्हाइकानं कोथिंबिरीचा अर्थ नाही पुसला.

पन आसेगावच्या शालिकरामाले पुसायचा हाय. आमच्या सोनीचा होनारा नवरा. अकोल्याले म्याट्रिकले बसला. सोनी माही नात, बाप नाही तिले, म्हनून पंचांसमोर सुपारी मीच फोडली. शब्द मीच देल्ला. आन् आता पोट्ट्यानं कागद धाडला — हे इंग्रजी शब्द होळीच्या आधी अर्थासकट पाठ पाह्यजेत. नाही आले त लगन नाही! शब्द बी कसे, त ज्याच्यात क्यू, एक्स नाही त झेड हाय तेच. बाकीची अक्षरं काय सुतकात हायेत?

ता. ६

आमची बुढी हौसा म्हनते, "जाऊ द्या ना. शिकल्या पोट्ट्याची हौस हाय."

हौस! फुटल्या सुपारीवर पोरानं टाकलेली पोरगी कोन करते मंग? बुढीले समजत नाही थोडंच. समजते, म्हनून त उठून चुलीकडं गेली.

ता. ९

फय्याज घडीसाजाकडं गेलो. त्याच्याजवळ इंग्रजीचा कोश हाय. कागद पाहून हसलाच. "चाचा, दामाद ढूंढा के आफत?"

क्वर्न म्हंजे हाताचं जातं. जातं! पोरगी रोज पहाटं दळते, तिले जात्याचा अर्थ पुसते हा!

क्वागमायर म्हंजे पाय रुतते असा गारा. पावसाळ्यात आमच्या नाल्याकाठी ये म्हना. कोश लागनार नाही.

लिंक्स — रानमांजर, कानावर केसाचे झुबके. झेफर — मावळतीकडून येनारा हलका वारा. व्हेक्स — छळनं. हा शब्द पोट्ट्याले बराबर येते!

ता. १७

सोनीले गोडी लागली! मराठी चौथी शिकलेली पोट्टी, मेथीच्या जुड्या बांधते आन् तोंडानं चालू — क्वर्न, जातं, झेफर, वारा. जात्यावर बी तेच. मले म्हने, "आबा, वाऱ्याले झेफर किती चांगलं वाटते ना!"

म्या म्हटलं, जुडी बांध.

ता. १८

मले बी पाठ झाले. लाज वाटते. आज मोटेच्या बैलाले लिंक्स म्हटलं. त्यानं वळून बी नाही पाह्यलं. शहाना हाय.

ता. २ फेब्रुवारी

निरोप धाडला होता — पोट्टी तयार हाय, या आन् घ्या परीक्षा. शालिकराम आला, बाप हिरालाल संगं. सोनी डोक्यावर पदर घेऊन बसली. एक शब्द चुकली नाही! हिरालाल मांडीवर थाप मारून म्हने, "पाह्यली माही सून?"

आन् शालिकराम? मयतावरून आल्यासारखं तोंड! हात धुतो म्हनून विहिरीकडं गेला. माह्या टाळक्यात गेली. मांगं गेलो, म्हटलं, "आता काय पाह्यजे तुले? संस्कृत?"

पोट्टा रडाले लागला. ढसाढसा.

"आबा, म्या मुद्दाम अवघड धुंडले. वाटलं, तिले येनार नाहीत, नाही त तुमी चिडून सोयरीक मोडान. अकोल्यात मले दुसरी पसंत हाय. जातीतली नाही. बाप जीव घेईन."

म्हटलं, आन् आता? माह्या सोनीनं सगळे पाठ केले ना!

म्हने, "तेच त."

थापड मारायले हात उचलला होता. तसाच खाली आला. तोंड धुवायले लावलं त्याले.

ता. ३

सुपारी मोडली. मीच. पंचांसमोर हिरालालले सांगतलं — तुमी माह्या नातीची परीक्षा घेतली, ते पास. म्या जावयाची घेतली, तो नापास. जात्याचा अर्थ पुसनारा जावई मले नको. दंडाचं जातजेवन मी देईन. महिनाभर बोंबलून राह्यलो होतो, म्हनून साऱ्याले खरं वाटलं. हेकट बुढा म्हनाले. म्हनू द्या. पोरीले टाकलेली नाही म्हनाले कोनी.

सोनी जात्यावर बसली होती. तोंडात शब्द नाही, ना मराठी ना इंग्रजी. एकडावच म्हने, "आबा, सगळे त आले होते मले. मंग माहं काय चुकलं?"

नाही सांगनार. तिले नाही, हौसाले नाही, कोनालेच नाही. बस.