रोल परत गुंडाळेपर्यंत

लुद्विक,

आईचं सूप शेगडीवर आहे. चार वाजले की आपल्या एमिलने वाजवून भरलेला भोकाभोकांचा कागदी रोल त्या आपोआप वाजणाऱ्या पियानोत लाव आणि पायडल हळू मार, कागदाची कड फाटत आलीय. वाजून संपलं की उलट गुंडाळायची दांडी लगेच ओढ. कालचा धांदरटपणा नको. कागद मागे जाईपर्यंत पियानो मुका असतो, आणि तेवढ्यात आई आतल्या खोलीतून विचारतेच, "एमिल, थांबलास का रे?" सांग, "बोटं शेकतोय तो." तुझा आवाज मात्र कापता कामा नये.

पियानोवर कुणीतरी हवंच, म्हणून तुला त्याच्या दफनाला नेत नाही. तुझ्या वाटची मूठभर माती मीच टाकेन.

बोझेना