यंत्राला आईच्या हातचे कुंकू

नायगाव, मंगळवार संध्याकाळ, १९५७

सूत गुंडाळायचे नवे यंत्र आज आईच्या गिरणीत सुरू झाले. आठ बायकांचे काम त्यावर एकच बाई करणार. आईसकट सातजणी एक तारखेपासून घरी. आणि त्या यंत्राला हळदकुंकू कोणाकडून लावून घेतले? आईकडून. सगळ्यांत जुनी सवाष्ण म्हणून साहेबांनी तिलाच पुढे केले. हे सुचते तरी कसे?

"तू कुंकू लावलंसच कशाला?" मी विचारले.

"त्या बापड्या यंत्राचो काय दोष रे?"

दोष नाही. पण ते सातजणींचे काम ओढते, तर त्याच्या कमाईतून सातजणींचा पगार घरी यायला हवा. असे मी म्हणालो.

बाबा हसले. "तुझ्या संयुक्त महाराष्ट्रात मिळतलो हां."

यात हसण्यासारखे काय होते, ते मला अजून कळलेले नाही.