फुकटातलं चालतंय ना

पनवेल, ९ ऑक्टोबर २०११

ती. निशावहिनींस,
प्रितमचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

माझा आवाज फोनवर अगदी दादासारखा लागतो, ऐकवत नाही, असं तुम्ही म्हणालात. म्हणून लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

आई बरी आहे. जेवते, पण तुमचं आणि कोमलचं ताट अजून मांडते, मग उचलते. माहेरी राहायचं तेवढं राहा, घाई नाही.

एक विचारायचं होतं. दयारामशेठनी दादाच्या जागी मला त्यांच्या कंटेनर यार्डात कामाला बोलावलं आहे, पहिल्या दिवसापासून कायम. कोन गावच्या त्या यार्डाचं सगळं एका मोठ्या सर्व्हरवर चालतं, हे तुम्हाला माहीत आहे. दादाने त्या एकाच मशीनमध्ये पाच वेगळे कॉम्प्युटर असल्यासारखी सोय केली होती. गेटचा एक, वजनकाट्याचा एक, बिलांचा एक. ही सोय करणारं त्याचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे कोणीही घ्यावं, पैसे नाहीत, अडलं तर इंटरनेटवर शोधून आपलं आपण सोडवायचं. आता त्या सर्व्हरची डिस्क जायला आली आहे. नवीन घ्यावाच लागणार. वाशीहून एक कंपनीवाले येऊन गेले. त्यांचं विकतचं, दरवर्षी पैसे, पण अडलं तर फोन करायला माणूस.

शेठ म्हणाले की तू सांगशील ते, शुक्रवारच्या आत सांग. ती डिस्क बंद पडली की गेट बंद आणि ट्रेलरची रांग हायवेपर्यंत.

माझ्या मनात दादाचंच ठेवायचं आहे. त्याने ते शून्यापासून उभं केलं. आई तर म्हणते, शैल्याच्या हातचं हाय ते, हात लावू नको. तुमचंही तेच म्हणणं असेल असं धरून चाललो आहे, तरी एकदा कळवा.

कोमलला पापा. माया आहे तशी राहू द्या.

आपला,
प्रितम


गव्हाण, १२ ऑक्टोबर २०११

चि. प्रितमभाऊजी यांस,
निशाचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. माझ्या लग्नात तुम्ही दिवसभरात चार शब्द बोलला होतात, आता दोन पानं लिहिलीत, म्हणजे खरोखर अडचण असणार.

माझं म्हणणं तुम्ही धरून चाललात ते चुकलं. मला ते नको आहे.

गौरीच्या जेवणाला तुम्ही समोरच बसला होतात. यार्डातून फोन आला आणि हे पानावरून उठले. तुम्ही म्हणालात, दादा, भात तरी संपव. हे म्हणाले, गेट बंद आहे, माझ्याशिवाय कोणाला जमणार नाही. पुढे कोनच्या फाट्यावरच्या अपघाताचं मी लिहीत नाही.

आता तुम्ही त्याच खुर्चीत बसणार, तेच चालवणार, आणि तुमच्याशिवायही कोणाला जमणार नाही. सासूबाईंना दुसरा मुलगा नाही, भाऊजी.

तुम्हाला ठाऊक नसलेलं एक सांगते. यांना ते फुकटातलं आवडायचं हे खरं. काही नवीन जमलं की मला उठवून सांगायचे, मला एक अक्षर कळत नसे. पण एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने आपोआप काम उचलावं, म्हणून यांनी शेठकडे दुसरा सर्व्हर, ते विकतचं सॉफ्टवेअर आणि हाताखाली एक माणूस मागितला होता. एकदा नाही, दोनदा. शेठ म्हणाले, फुकटातलं चालतंय ना, मग कशाला पैसं घालवतोस, तू हायस की. यांना वाटलं कौतुक केलं. मला त्या दिवशीही तसं वाटलं नव्हतं.

तुम्ही दादाचं म्हणून जे जपायला निघालात, ते यांच्यावर लादलेलं होतं. काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण शेठना विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

आईंना नमस्कार. जेवत जा वेळेवर. तुमच्यावरचा जीव तसाच आहे.

निशा


पनवेल, ३० ऑक्टोबर २०११

ती. निशावहिनींस,
प्रितमचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. दिवाळी केली नाही, तुम्हालाही ठाऊक असेलच.

शेठना विचारलं. केबिनमध्ये आणखी दोघं होते, तरी विचारलं. दादाने मागितलं होतं का? ते पाण्याचा ग्लास टेबलावर फिरवत राहिले. मग म्हणाले, मागितलं होतं, पण आमाला काय माहीत असं होईल. मी म्हणालो की दोन सर्व्हर, विकतचं सॉफ्टवेअर आणि माझ्याइतकंच शिकवलेला दुसरा माणूस, नाहीतर मी बसत नाही. त्यांनी वाशीवाल्यांच्या कागदावर तिथेच सही केली.

खरं सांगायचं तर दुसरा सर्व्हर मिळाल्यावर फुकटातल्यावरही मी हे जमवलं असतं. पण मग ते मला एकट्यालाच कळलं असतं. आता बिलिंगमधली स्नेहल माझ्याबरोबर शिकली. ती मला सर म्हणते आणि माझ्या चुका काढते.

गुरुवारी दुपारी, गेटवर गर्दी असताना, मी मुद्दाम एका नव्या सर्व्हरची वायर काढली, फोन बंद केला आणि रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. चहा गार झाला. परत आलो तर ट्रेलर आत-बाहेर होत होते. गेटचं काम दुसऱ्या सर्व्हरने उचललं होतं. काट्याचं एक अडलं, ते स्नेहलने कंपनीला फोन करून सोडवलं. वॉचमनला विचारलं, काही अडलं का? तो म्हणाला, काय अडायचंय?

मला आनंद व्हायला हवा होता. मी संडासात जाऊन दार लावून घेतलं. एवढंच होतं, वहिनी. एवढंच करायचं होतं.

आता एक राहिलं आहे. दादाचा जुना सर्व्हर अजून चालू आहे. त्यावर काहीच नाही, सगळं हलवलं. रोज बंद करायला जातो आणि परत येतो. आईला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल तसं करतो.

लोभ कमी होऊ देऊ नका.

आपला,
प्रितम


गव्हाण, २ नोव्हेंबर २०११

चि. प्रितमभाऊजी यांस,
निशाचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. जास्त लिहीत नाही.

शनिवारी मी कोमलला घेऊन येते. आईंना मीच सांगेन, तुम्ही त्यात पडू नका. त्यांनाही यार्डात आणू. बटण कुठलं ते तुम्ही दाखवा, बंद मी करीन.

दयारामशेठना निरोप द्या. तेवढा वेळ त्यांनी तिथे उभं राहायचं. बोलायची गरज नाही.

तुमची माया मला पुरते, ती असू द्या.

निशा