अर्ध्या बाह्यांचा शर्ट

प्रिय शिवांगी,

आमच्या इथल्या मराठी मंडळातली उत्तरा रविवारी निघतेय आणि पुण्याहून पुढे माहेरी सांगलीला जाणार आहे, म्हणून हे पत्र तिच्या हाती देतेय. सोबत चीज आहे, ते पोरांना दे. पत्र मात्र एकटी असशील तेव्हा उघड. व्हॉट्सॅप सोडून वहिनीला हे काय सुचलं, असं म्हणशील; पण तुझ्या फोनवर सासूबाई नातवंडांचे फोटो बघत बसतात, हे तूच मला सांगितलंयस. आणि फोनवर बोलायला गेले तर मी भलतंच काहीतरी बोलून बसेन. माझ्या डोक्याचा सध्या पार भुगा झालाय. पुढच्या महिन्यात इथल्या नगरपालिकेत एक सुनावणी आहे. तिच्यात एका बाजूने तुझा दादा बोलणार आहे आणि दुसऱ्या बाजूने, तसंच झालं तर, बाबा. विषय काय, तर तळ्याकाठी लोकांनी कपडे काढून उन्हात बसावं की नाही. नीट वाचलंस ना? पुन्हा वाच, मी काही चुकीचं लिहिलेलं नाही.

पहिल्यापासून सांगते. आल्मेरे शहरातलं भाड्याचं घर सोडून आम्ही या लहान गावात आलो ते तळ्यामुळेच. नवी कोरी घरं, मागे पाणी, संहिताला शाळेपर्यंत सायकलचा रस्ता. गेल्या वर्षी गंधारने मनावर घेतलं की बादलीत विसर्जन पुरे झालं, यंदा गणपती तळ्यातच. शाडूची मूर्ती, रंगाचा टिपूस नाही, नगरपालिकेचं परमिट, सगळं रीतसर. जागा बघायला हे साहेब गेले ते धो धो पावसात. वाळू छान, उतार सौम्य, गाड्या लावायला जागा, मुलांसाठी स्वच्छतागृह. एवढी सोयीची जागा इतकी मोकळी कशी, हे काही याला सुचलं नाही. एक्सेलमध्ये सगळं भरून मोकळा. पावसात कोण कपडे काढून बसणार गं तिथे!

अनंत चतुर्दशीला नेमकं लख्ख ऊन पडलं. आमची मिरवणूक झाडांमधून वळली, पुढे ढोल, मागे नऊवारीतल्या बायका, मध्ये फेटा बांधलेला तुझा भाऊ, आणि समोर वाळूवर पंचवीसेक डच आजी-आजोबा जन्मले तसे कॉफी पीत बसलेले. कोपऱ्यात पाटी होती बरं का, ही जागा अशा लोकांसाठी राखून ठेवली आहे म्हणून. आमच्या ढोलवाल्यांनी आपला झेंडा नेमका तिलाच टेकवून ठेवला होता. मी आरतीचं ताट धरून अशी थिजले की कापूर विझला तेही कळलं नाही. परत फिरावं तर मूर्ती बाहेर काढलेली. शेवटी आरती सुरू केली, आणि त्या माणसांनी काय करावं? उठून उभी राहिली. मानाने. ज्यांच्या हाताला टॉवेल लागला त्यांनी गुंडाळला, ज्यांना नाही लागला ती तशीच उभी. आमच्यातले अर्धे आकाशाकडे बघून आरती म्हणत होते, बाकीचे वाळूकडे. संहिता आणि तिच्या मैत्रिणी मात्र हसून हसून लोळायच्या बेतात होत्या.

मूर्ती पाण्यात न्यायची बाबांनी, मोठे म्हणून. बाकीच्यांनी सदरे काढले, बाबांनी नाही काढला. तुला माहीतच आहे, पूर्ण बाह्या, मनगटाशी गुंड्या लावलेल्या, मे महिन्यातसुद्धा. पाण्यात त्यांचा पाय घसरला तेव्हा कमरेला टॉवेल लावलेला एक उंच म्हातारा धावला आणि त्याने मूर्तीला खालून हात दिला. वाउटर त्याचं नाव, शाळेत भूगोल शिकवायचा. बाबांची ओली बाही कोपरापर्यंत वर सरकली होती. त्याने ते लाल चट्टे बघितले, बाबांनी घाईने बाही ओढली, आणि त्याने काय करावं, आपलं कोपर वळवून दाखवलं. त्यालाही तेच. सोरायसिस. हे सगळं मी काठावरून बघितलं होतं, पण त्यातून पुढे काय उगवणार आहे याची मला काय कल्पना!

घरी आल्यावर गंधार संतापाने नुसता धुमसत होता. मंडळासमोर शोभा झाली, बायका-मुलांना काय काय बघावं लागलं, सायकलच्या रस्त्यावरून पोरी शाळेला जातात वगैरे वगैरे. आमच्या नव्या वस्तीतली बरीच माणसं, नुसती आपली नव्हे, तुर्की, पोलिश, चक्क डचसुद्धा, त्याच्या मागे उभी राहिली. ती जागा बंद करा म्हणून त्याने केलेल्या अर्जावर मीही सही केली, अगदी ठसठशीत. इथला कायदा असा की नगरपालिकेने ठरवून दिलेल्या किंवा तशा योग्य असलेल्या जागी उघडं बसणं गुन्हा नाही, भलतीकडे बसलं तर दंड. म्हणजे सगळी गंमत जागेची. नगरपालिकेने आधी मध्ये झुडपं लावून बघितली, मग झुडपांची उंची किती असावी यावर बैठका झाल्या, आणि शेवटी जाहीर केलं की ही जागा आता राखीव राहणार नाही. त्यावर त्या लोकांच्या संघटनेने हरकत घेतली, तिचीच ही सुनावणी. त्यांचं म्हणणं, आम्ही तुमच्या घरांच्या आधीपासून इथे आहोत, घरं तळ्याकडे चालत आली, तळं काही घरांकडे गेलं नाही. खरं सांगू? मला हे पटलं. मग गंधारचं ऐकलं, तेही पटलं. मला हल्ली जो बोलतो त्याचं पटतं.

आता बाबांचं. आई गेल्यावर आम्ही त्यांना इकडे आणलं तेव्हा ते खिडकीशी बसून असायचे, तुला फोनवर दिसायचं ना. या वसंतात मात्र एकदम सायकल काढायला लागले. जेवण झालं की वाचनालयात जातो म्हणायचे. मला केवढा आनंद, म्हातारा माणूस रमला! मग एके दिवशी गोळ्यांची डबी घरीच राहिली म्हणून मी वाचनालयात गेले, तर तिथे बाबा नाहीत. परत येताना त्या झुडपांपाशी त्यांची सायकल दिसली, हँडलला आपली जुनी कापडी पिशवी. वाटलं, पाण्यात तर नाही ना गेले. लाजलज्जा सोडून झुडपांतून शिरले. तर बाबा सतरंजी टाकून त्या सगळ्यांच्या मधोमध बसलेले, उघड्या अंगाने, कमरेला आपली पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी, आणि काकडी चिरून, मीठ लावून त्या बिनकपड्यांच्या म्हाताऱ्यांना वाटतायत. तिथे सगळ्यांत जास्त कपडे घातलेला माणूस म्हणजे आपले बाबा! चड्डीचं पुढे काय झालं हे मी विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस.

मला बघून ते दचकले नाहीत. त्यांनी पाठ फिरवली आणि म्हणाले, बघ. शिवांगी, मी या घरात आल्यापासून त्या माणसाची पाठ कधी बघितली नव्हती. तू तरी बघितलीस का? कुठे कुठे जुने चट्टे होते, पण बाकी कातडी नितळ, उन्हाने रापलेली. इथल्या डॉक्टरांनीच त्यांना सांगितलं होतं म्हणे, थोडं थोडं ऊन अंगभर घ्या, जपून घ्या, मलम सोडू नका. आता अंगभर ऊन घ्यायचं तर बसायचं कुठे? आमच्या बागेत तीन घरांच्या खिडक्या उघडतात. साध्या किनाऱ्यावर एकदा शर्ट काढला तर शेजारच्या बाईने मुलाला जवळ ओढून घेतलं. तळ्याकाठी मात्र कुणी वळूनसुद्धा बघत नाही, म्हणाले. तिथे एकीचं पोट टाक्यांनी शिवलेलं, एकाचा पाय गुडघ्याखाली नाही, वाउटरची कोपरं तशी. सगळे आपापलं अंग घेऊन निवांत बसलेले.

मी वाळूवर बसून रडले. आई सगळ्यांच्या आधी उठून चादरी का झटकायच्या आणि बाबांचे कपडे वेगळे का धुवायच्या, ते मी नवी सून असताना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, सवय गं. तेवढंच. लागण होत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक, तरी जन्मभर चोरी केल्यासारखं दोघांनी ते लपवलं.

मी कुणाला बोलले नाही. पण मागच्या आठवड्यात बाबांनीच ताटावर असताना गंधारला सांगून टाकलं. आमटी वाढून घेता घेता, अगदी सहज. की मी तिथे रोज जातो, वाउटरच्या संघटनेने मला सुनावणीत बोलायला बोलावलंय आणि जावं असं मला वाटतं. गंधारचा घास हातातच राहिला. तू ओळखतेसच तुझ्या भावाला, तो ओरडत नाही, गार पडतो. बाबा, मी तिथे आपल्या लोकांच्या वतीने उभा राहणार आणि माझाच बाप समोरून बोलणार, लोक मला काय म्हणतील, एवढंच म्हणाला. बाबा म्हणाले, तू तुझं बोल, मला राग नाही. संहिताने मध्येच डचमध्ये सुनावलं की आजोबांचं अंग आजोबांचं आहे, त्यात मीटिंग कसली घेताय. दोघांनीही तिच्याकडे असं बघितलं की ती ताट उचलून आत गेली. तेव्हापासून बापलेक एकमेकांशी मिठापुरतं बोलतायत, आणि मी मध्ये.

माझं म्हणशील तर मला अजूनही ते बघवत नाही. संहिता त्या रस्त्याने एकटी जायला लागली की मी झुडपांची उंची डोळ्यांनी मोजते. माझी सही त्या अर्जावर आहे आणि ती मी खोटी केली नव्हती. पण जागा बंद झाली तर बाबा पुन्हा खिडकीशी बसतील, मनगटाच्या गुंड्या लावून, आणि ते मला आता सहन होणार नाही. कुणाचं बरोबर, मला खरंच कळत नाही. गंधार वाईट नाही गं. तो मुलीसाठी भांडतोय. बाबा कशासाठी भांडतायत हे मात्र त्याने त्यांची पाठ बघितल्याशिवाय त्याला समजणार नाही, आणि बघ म्हणून सांगायची माझी हिंमत होत नाहीये.

तर आता तुझ्यापाशी येते. बाबांनी वाउटरला अजून होकार दिलेला नाही. का, म्हणून मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, शिवांगीला शब्द दिलाय. तुझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा सासरच्यांनी विचारलं होतं ना, घरात कुणाला अंगावर काही नाही ना? आणि तू बाबांचा हात धरून म्हणालीस, बाबा, बाह्या खाली असू देत, तिकडे कुणाला कधी कळायला नको. लहान होतीस तू, घाबरली होतीस, त्यात तुझी काही चूक मी धरत नाही, तेही धरत नाहीत. पण त्यांनी तो शब्द आजवर पाळलाय. बाबा तिकडे होते तेव्हा सांगलीला यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचे, एक रात्र थांबायचे नाहीत, म्हणून तू दर वेळी रुसायचीस ना? तुमच्याकडच्या चादरीवर कातडीचा कोंडा सांडायला नको म्हणून थांबत नव्हते गं ते. आता सुनावणीत सगळ्यांसमोर बोलायचं म्हणजे मंडळातल्या लोकांच्या कानावर जाणार, आणि तिथून सांगलीला पोचायला कितीसा वेळ! म्हणून तुला विचारल्याशिवाय ते बोलणार नाहीत. स्वतः विचारणारही नाहीत, तुला संकोच होईल म्हणून. हे पत्र मी लिहितेय हेही त्यांना ठाऊक नाही. तू नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन, सासर तुला सांभाळायचंय. पण जे काय असेल ते मला नको, त्यांना फोन करून सांग. बाजारातून त्यांनी एक अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणलाय, आकाशी रंगाचा. स्वतः इस्त्री करून दाराच्या मागे अडकवून ठेवलाय, दुकानाचं लेबल तसंच आहे. काल मी कात्री घेऊन कापायला गेले तर म्हणाले, राहू दे, परत द्यावा लागला तर.

तुझीच,
आसावरी वहिनी